फॉरमॅट मारण्याआधी

सकाळी ९.४५. शटर वर करायच्या आतच मार्केट यार्डातल्या एका अडतीचे दिवाणजी सीपीयू मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले. बार्शीत सौदे सुरू व्हायच्या आत त्यांना परत जायचं असतं. मालकांच्या मुलाला कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप हवंय, ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यायचं, आणि स्टोअर क्षणभर दिसून गायब होतं. "मालक म्हणाले, फॉरमॅट मारून टाका."

हे वाक्य गिऱ्हाईक दारातूनच बोलतं आणि आमच्यातले बरेच दुकानदार ते लगेच मनावर घेतात. तासाभराचं काम, ठरलेला दर, डोकं चालवायला नको. मला ते पटत नाही. स्टोअर हे विंडोजमधलं फार परावलंबी ॲप आहे. त्याला घड्याळ बरोबर लागतं, अपडेटची सेवा चालू लागते, इंटरनेटची वाट मोकळी लागते. यातलं काहीही बिघडलं तरी बोंब स्टोअरच्या नावानं होते.

१०.१५. मी विचारलं, "दिवाणजी, आणखी काय काय उघडत नाही?" ते म्हणाले, बँकेची साइटही रुसलीय, पण ती नेहमीच रुसते. एवढ्यावरून अंदाज आला. मशीन लावलं, उजव्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख १ जानेवारी आणि साल २०१६. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की बटण बंद केल्यावर तारीख मागे जाते. अडतीत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण हिशेबपट्टीवरची तारीख दिवाणजी भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून हातानं टाकतात.

"पण तारखेचा आणि स्टोअरचा काय संबंध?" रास्त प्रश्न. स्टोअर पलीकडच्या सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं प्रमाणपत्र तपासतं. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल अशा दोन तारखा असतात, बाजार समितीच्या परवान्यावर असतात तशाच. आपलं घड्याळ २०१६ मध्ये असेल तर समोरचा परवाना अजून निघालेलाच नाही असं मशीन समजतं आणि व्यवहार नाकारतं. बँकेच्या साइटचंही तेच. घड्याळ इतकं मागे गेलं की आपोआप होणारी जुळवणीही बऱ्याचदा होत नाही, हातानंच वेळ लावावी लागते. सेल बदलला, तारीख लावली, टाइम झोन तपासला, स्टोअर उघडलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून स्टोअर बंद पडलं असेल, असं मालकांना वाटत होतं. तसं काही नव्हतं.

११.३०. इंजिनिअरिंगचा एक पोरगा. "काका, स्टोअरच दिसत नाहीये." लॅपटॉप फास्ट करायला व्हिडिओ बघून कुठलीशी स्क्रिप्ट चालवली होती. तिनं नको असलेल्या ॲपबरोबर स्टोअरही उडवलं. कमांड प्रॉम्प्टवर डब्ल्यूएसरीसेट लिहून जागा सोडली, पुढे उणे चिन्ह आणि आय हे अक्षर दिलं, की विंडोज स्टोअर पुन्हा उतरवून घेतं. थोडं थांबावं लागतं. पैसे घेतले नाहीत, पण स्क्रिप्ट डिलीट करायला लावली.

दुपारी १.३०. डबा उघडला की फोन येणारच. खेड्यावरच्या शाळेतले गुरुजी. त्यांचं स्टोअर उघडतं, पण पान कोरंच राहतं. त्यांना सांगितलं, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, डब्ल्यूएसरीसेट लिहा, एंटर. "अहो, काळी खिडकी आली! व्हायरस नाही ना?" नाही गुरुजी, हात लावू नका, ती आपली आपण जाईल. या आज्ञेनं स्टोअरची साठवण तेवढी पुसली जाते, ॲप आणि फाइली जागच्या जागी राहतात. पण घाबरून अर्ध्यात खिडकी बंद करणारेच जास्त. गुरुजी थांबले. भाजी गार झाली, स्टोअर उघडलं.

३.००. एका कार्यालयाचा डेस्कटॉप. त्यावर विंडोजची एलटीएससी आवृत्ती निघाली, जिच्यात स्टोअर मुळातच नसतं. दुरुस्त काय करणार? तसं सांगून परत पाठवला.

४.३०. पार्लर चालवणाऱ्या एक ताई. यांचं स्टोअर उघडतं, पण काहीच उतरवत नाही, आणि एररच्या शेवटी ०४२२. हा आकडा ओळखीचा आहे, त्याचा अर्थ लागणारी सेवा बंद करून ठेवली आहे. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा डेटा मोजका, म्हणून कुणीतरी 'अपडेट कायमचं बंद' करून दिलं होतं. स्टोअर ॲप उतरवतं ते याच यंत्रणेच्या जोरावर, हे त्या माणसाला माहीत नसावं. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन विंडोज अपडेट पुन्हा 'मॅन्युअल'वर आणलं, मायक्रोसॉफ्ट स्टोअर इन्स्टॉल सर्व्हिसही पाहिली. डेटा वाचवायला हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करून दिलं. बरीचशी मोठी डाउनलोड तेवढ्यानं थांबतात आणि मोडत काहीच नाही.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर हे स्टोअर आलं, तेव्हा आमच्याकडे त्याला कुणी विचारत नव्हतं. सेटअप फाइली पेनड्राइव्हवर फिरायच्या, सोबत व्हायरसही. आज लोक स्टोअरसाठी दुकानात येतात, ही मला सुधारणा वाटते.

संध्याकाळी ७. हट्टी केस. घड्याळ बरोबर, सेवा चालू, प्रॉक्सी नाही, व्हीपीएन नाही. सेटिंगमध्ये स्टोअरच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधी रिपेअर, मग रीसेट. तरी ढिम्म. डिझम या आज्ञेनं विंडोजच्या मूळ फाइली सावरायला लावल्या, त्यावर एसएफसी ही दुसरी आज्ञा. हे चालू असताना चहा दोनदा होतो. शेवटी नवीन युजर अकाउंट काढलं, आणि तिथं स्टोअर पहिल्याच क्लिकला उघडलं. म्हणजे दोष जुन्या प्रोफाइलमध्ये. फाइली नव्या खात्यात हलवायचं काम उद्यावर ठेवलं.

८.३०. दिवसभरात एकाही मशीनला फॉरमॅट लागला नाही. तुमचं स्टोअर उघडेनासं झालं तर दुकान गाठण्याआधी तारीख-वेळ बघा, डब्ल्यूएसरीसेट चालवा, आणि आधल्या आठवड्यात काय नवीन टाकलं किंवा बंद केलं ते आठवून कागदावर लिहा. यायचंच झालं तर तो कागद आणि चार्जर बरोबर आणा. आणि कुणी न बघताच फॉरमॅट सांगितला, तर घड्याळ तपासलं का, एवढं विचारा.