काम दोघांचं, नाव कोणाचं?



गटातून कर्ज आपण उचलतो. त्या पैशातून शेळ्या येतात, पिठाची गिरणी येते, मसाल्याची मशीन येते. पुढे काम नवरा-बायको दोघं मिळून करतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण दुकानाच्या पाटीवर नाव कोणाचं असतं? गिऱ्हाइकाचे पैसे कोणाच्या खात्यात जातात? परतफेडीच्या वहीत मात्र नाव आपलंच असतं.

जोडीनं काम करताना बरोबरी कशी ठेवायची, हे समजून घ्यायला समतेचं काम जोडीनं करणाऱ्यांकडे बघू. लोकांना समता सांगायची तर ती आधी आपल्या घरात आणि कामात दिसावी लागते.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले आपल्याला माहीतच आहेत. १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. १८९० मध्ये जोतीराव गेले, तरी काम थांबलं नाही. १८९३ च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद सावित्रीबाईंनी सांभाळलं. काम पहिल्यापासून दोघांचं होतं, म्हणून एकाच्या माघारी दुसऱ्याला ते पुढे नेता आलं.

आता आपल्या जवळचं उदाहरण. वणीहून चंद्रपूर ओलांडलं की पुढे गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथं ‘सर्च’ संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासी लोकांनाच विचारलं. म्हणून तो झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं.

राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास असं काही ना काही दुखणं निघालं. आधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. १९८९ मध्ये हा अभ्यास जगातल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यावर पहिलं नाव राणीताईंचं आहे. पुढे नवजात बाळांना घरीच कसं वाचवायचं, याचा अभ्यास १९९९ मध्ये छापला, त्यावर पहिलं नाव अभय बंग यांचं आहे. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते, ती पद्धत याच कामातून पुढे आली.

यातून काय घ्यायचं? बरोबरी म्हणजे प्रत्येक काम अर्धं-अर्धं वाटणं असं नाही. ज्या कामात जिचा हात मोठा, त्या कामावर तिचं नाव पुढे.

तिसरी जोडी जामखेडची, डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे. १९७० पासून त्यांनी खेड्यातल्या, शाळा न शिकलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यात दलित समाजातल्या बायाही होत्या. पाण्यासाठी बोअर मारायची वेळ आली, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसवले. मग सगळ्याच गावाला पाण्यासाठी तिथं यावं लागलं. सगळ्यांना सामावून घ्यायचं तर भाषणापेक्षा हातपंप कुठे बसवला, याला जास्त वजन असतं. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दोघांना मिळून मिळाला.

आता आपल्या कामाकडे वळू. घरी बसून या पाच गोष्टी तपासा:

१. नाव: उद्यम नोंदणी मोफत होते आणि ती मालकाच्या आधार कार्डावर होते. धंदा तुमच्या कर्जावर उभा असेल, तर नोंदणी तुमच्या नावे आहे का?

२. खातं: धंद्याचे पैसे घरखर्चात मिसळू नका, खातं वेगळं ठेवा. फोनवर पैसे घेत असाल, तर ते कोणत्या खात्यात जमा होतात ते पाहा.

३. मजुरी: तुमच्या दिवसभराच्या कामाची मजुरी वहीत लिहा. ती लिहिली नाही, तर नफा खोटाच दिसतो.

४. निर्णय: मशीन घेणं, उधारी देणं, भाव ठरवणं, यात तुमचं मत कोणी विचारतं का? बाजारात माल विकायला कोण बसतं?

५. माहिती: कोणाकडून किती येणं, कोणाचं किती देणं, कागद कुठे ठेवले, हे दोघांनाही माहीत पाहिजे. आपल्या जिल्ह्यात घरधनी अचानक गेल्यावर बाईच्या दारात सावकार उभा राहतो आणि तिला हिशेबच ठाऊक नसतो. हे दुःख आपण जवळून पाहिलं आहे.

हे बोलताना घरात भांडण व्हावं, असा हेतू नाही. ‘माझं नाव का नाही?’ असा सवाल एकदम टाकू नका. ‘उद्या तुम्ही बाहेरगावी गेलात, तर गिऱ्हाईक मला कसं ओळखणार?’ असं विचारा. धंद्याच्या फायद्याची गोष्ट घरधन्यालाही पटते.

आणि आपल्या गटाकडेही बघू. एकल बाई, अपंग ताई, वस्तीच्या कडेला राहणारी बहीण बैठकीत बोलते का? कर्ज वाटताना तिची पाळी येते का? पुढच्या बैठकीत पाचही प्रश्न वाचा आणि प्रत्येकीनं आपलं उत्तर सांगा. जिला लिहिता येत नाही, तिचं उत्तर दुसरीनं वहीत उतरवून घ्यावं.