आयर्विनला किती?

अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर नेण्याचा वाद पुन्हा तापला आहे. फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही, यावर जाणकार भांडताहेत. ते महत्त्वाचंच आहे. पण पाणी ओसरल्यावर माणसं पुन्हा उभी कशी राहतात, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

पावसाळ्यात इथे सांगलीत दोघं भेटले की पहिला प्रश्न, ‘आयर्विनला किती?’ म्हणजे आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हापासून या प्रश्नाला धार आली. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरातल्या बायका पुलावरचा आकडा ऐकून उंबऱ्याला पाणी कधी लागेल ते सांगतात. धान्य माळ्यावर, कागदपत्रं पिशवीत, म्हैस उंचावर. पुराचे आराखडे आखताना या बायकांना आधी विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीतलीच विश्रामबाग मात्र उंचावर. २००५ च्या आणि मग २०१९ च्या पुरानंतर खालच्या गावभागातली ऐपतीची घरं इकडे फ्लॅटमध्ये आली. झोप लागली, पण जीव खालीच राहिला. कारण गणपतीचं देऊळ खाली, भावे नाट्यमंदिर खाली. २०१९ मध्ये पूर ओसरून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच, २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आली. ज्यांच्या भिंती अजून ओल्या होत्या, त्यांनीही पाट मांडला.

खालीच, राजवाडा चौकात, १८६९ सालचं सांगली नगर वाचनालय आहे. २०१९ च्या पुरात तिथली हजारो पुस्तकं गेली. भिजलेलं पुस्तक फुगतं, शेजारच्याला घट्ट चिकटतं, कपाटातून ओढलं तर पुठ्ठा हातात येतो आणि पानं आतच राहतात. दोन दिवसांत बुरशी धरते. कडक उन्हात टाकलं तर पानं आक्रसतात. पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालत वाळवावं लागतं. १९६६ साली आर्नो नदीनं फ्लॉरेन्सचं ग्रंथालय बुडवलं, तेव्हा देशोदेशींची पोरं गाळातून पुस्तकं हातोहात बाहेर काढत होती. शहर परत मिळवायचं तर ते असंच, एकेक वस्तू हातात घेऊन.

२०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये, विश्रामबागेतल्या माझ्या टेबलावर वाचनालयाचं एक पुस्तक होतं, कोरडं ठणठणीत. परतीची तारीख उलटली होती. ते ठेवायला कपाट तरी उरलंय का, हे ठाऊक नव्हतं. रस्ता मोकळा झाल्यावर मी ते पिशवीत घातलं आणि खाली गेलो.