ईस्टर: रिकामी कबर

पुण्यातल्या बुधवार पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय आहे. पुणेकरांना पंचहौद आठवतो तो १८९० मध्ये तिथे घेतलेल्या चहावरून उठलेल्या ग्रामण्यामुळे, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादामुळे; तिथल्या ईस्टरची फारशी चर्चा नसते. खरं तर श्रद्धेच्या दृष्टीने हा सण नाताळापेक्षाही मोठा. शुक्रवारी क्रुसावर मरण पावलेला येशू रविवारी उठला आणि रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती बायकांनी. संत पौलाने तर स्पष्टच लिहिलं, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. या उठण्याची पुनर्जन्माशी गल्लत करू नये: तोच देह, हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच. तारीख मात्र चंद्रावर ठरते, २१ मार्चपासूनच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे कधीकधी हनुमान जयंती आणि ईस्टर एकाच आठवड्यात येतात.