सर, सात घ्या

सारोळ्याच्या पुलाखालून नीरा वाहते. पलीकडं शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. अलीकडं आमचं रान. त्यावर भागेना म्हणून मी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंची पिशवी वाहायला लागलो. २०२१ मध्ये पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला, तेव्हा गावातल्या पोरांनी मोबाइलवर बघून मला गाठलं : "चेंडू एक, भोक एक, मग एवढ्या काठ्या कशाला?"

प्रश्न रास्त आहे. नियमानं पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे काठ्या, चालतात. बघायच्या गोष्टी मात्र दोनच : दांडा किती लांब आणि तोंड किती उताणं. उभं तोंड चेंडू लांब फेकतं. उताणं तोंड त्याला उंच चढवतं आणि पडला की लवकर थांबवतं.

ड्रायव्हर सगळ्यांत लांब, साधारण ४५ इंच. डोकं भलं मोठं पण आतून पोकळ, तोंड जेमतेम दहा-बारा अंश उताणं. लांब होलवर पहिला फटका, तोही चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर ठेवून, एवढंच त्याचं काम. नवशिक्याचा जीव मात्र त्याच्यातच अडकलेला. त्याच्या खालोखाल वूड. ते नावालाच लाकडी. हल्ली सगळे धातूचे.

खरी कामाची आयर्न. नंबर वाढला की दांडा आखूड, तोंड जास्त उताणं, अंतर कमी. लागून असलेल्या दोन नंबरांत साधारण दहा यार्डांचा फरक. आणि चेंडू उचलायला जायचं नसतं. वरून खाली मारायचं, वर चढवायचं काम तोंडाचा उतार करतो. हे पटायला लोकांना वर्षं लागतात.

माझे एक साहेब होते. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक हिरवळ, दीडशे यार्डांवर, वारा समोरून. मी म्हणालो, "सर, सात घ्या." ते म्हणाले, "आठ पुरे." चेंडू ग्रीनच्या अलीकडं वाळूत. कॅडीनं अशा वेळी तोंड मिटून सँड वेज पुढं करायचा.

हा क्लब माझ्या विशेष आवडीचा. १९३२ च्या सुमारास अमेरिकेच्या जीन सॅराझेननं त्याला आजचं रूप दिलं. त्याआधी पातळ धारेचा क्लब नांगराच्या फाळासारखा वाळूत रुतायचा. सॅराझेननं तळ जाड केला, मागची कड खाली आणली. आता तो रुतत नाही, वाळूतून सरकत जातो. गंमत म्हणजे इथं चेंडूला मारायचंच नसतं. त्याच्या मागं दोनेक इंचांवर वाळूत मारायचं. वाळू उडते आणि चेंडूला घेऊन बाहेर येते. साहेबांनी नेमकं चेंडूलाच मारलं, तो गेला ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात.

उरला पटर, ग्रीनवर चेंडू भोकाकडं गडगडवायचा. त्याचंही तोंड अगदी सरळ नसतं. तीन-चार अंश उतार असतो, म्हणजे गवतात किंचित बसलेला चेंडू आधी सुटतो, मग गडगडतो. १८ होलचा पार, म्हणजे ठरलेले फटके, ७२ असेल, तर त्यातले ३६ फटके पटरचेच धरलेले असतात. ड्रायव्हर फार तर चौदा वेळा बाहेर निघतो. तरी दुकानात गर्दी ड्रायव्हरपुढंच!

शिकायचं असेल तर आधी जुना सात नंबर, एक सँड वेज आणि पटर घ्या. कमीत कमी किती क्लब हवेत, याला नियम नाही.