काटा शंभरावर येतो का?

रमजानच्या संध्याकाळी भिवंडीत कोळशाच्या शेगड्या पेटतात, तेव्हा सीख फिरवणाऱ्या कारागिराला तापमापी लागत नाही. निखाऱ्यावर धरलेली राख आणि चरबीचा थेंब पडताच होणारा आवाज यांवरून त्याला आच कळते. झाकणाच्या ग्रिलमध्ये मात्र निखारे दिसत नाहीत. तिथे झाकणावरच्या तबकडीवर विसंबावे लागते आणि ती तबकडी कोणी तपासत नाही. इथल्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांतल्या बॉयलरची तपासणी कायद्याने होते. ग्रिलची आपल्यालाच करायची आहे.

तबकडीमागच्या दांड्यात दोन धातूंची एकत्र सांधलेली पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. तापल्यावर एक धातू जास्त लांबतो, दुसरा कमी. त्यामुळे गुंडाळी पिळली जाते आणि काटा फिरतो. कमी लांबणारा धातू बहुधा इन्व्हार असतो. लोखंड-निकेलचा हा मिश्रधातू शार्ल एदुआर ग्योम यांनी १८९६ मध्ये शोधला आणि १९२० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पितळाच्या तुलनेत तो सुमारे पंधरावा हिस्साच प्रसरण पावतो. पण पट्टी मर्यादेबाहेर तापली किंवा दांडा आपटला, तर गुंडाळी पूर्ववत होत नाही आणि काटा कायमचा चुकतो. म्हणून कोळसा पेटवताना ज्वाळा असेपर्यंत झाकण बाजूला ठेवावे. काजळी ओल्या फडक्याने पुसावी. तबकडी पाण्यात बुडवू नये आणि पावसाळ्यात ती काढून कोरड्या जागी ठेवावी. आत शिरलेल्या दमटपणाने काच धुरकटते, भाग गंजतात.

तपासणी सोपी आहे. पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यावे, मीठ घालू नये. दांडा तळाला न टेकवता पाण्यात धरावा आणि काटा स्थिर होऊ द्यावा. भिवंडी समुद्रसपाटीपासून फारशी उंच नाही, म्हणून इथे काटा १०० अंशांच्या अगदी जवळ यायला हवा. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, पाणी साधारण ९५.५ अंशांनाच उकळते. तिथे काटा शंभरावर आला नाही म्हणून तापमापी चुकीची ठरत नाही. फरक दिसला आणि तबकडीमागे जुळवणीचा नट असेल, तर पान्याने तो थोडा फिरवावा. नट नसेल तर फरक झाकणाच्या आत लिहून ठेवावा. शंभरावर बरोबर असलेला काटा दोनशेवरही बरोबर असेलच असे नाही, म्हणून जमल्यास जाळीवर चांगला इलेक्ट्रॉनिक प्रोब ठेवून पडताळा घ्यावा. त्यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते: झाकणापाशी आणि जाळीपाशी तापमान बरेच वेगळे असते.

आणि तबकडी कितीही अचूक असली, तरी ती हवेचे तापमान सांगते, मांसाचे नाही. कोंबडी सुरक्षित शिजली का, हे सर्वांत जाड भागात सुईची तापमापी खुपसूनच कळते. तिथे ७४ अंश दिसल्याशिवाय ती कोणाच्याही ताटात वाढू नका.