जन्माचे वजन, वाढीची संप्रेरके आणि स्त्रीचे शरीर

पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या वाढीच्या संप्रेरकामुळे यकृत आयजीएफ-१ हे प्रथिन तयार करते. गर्भात मात्र वाढ मुख्यतः आईकडून मिळणारे पोषण, इन्सुलिन आणि आयजीएफ यांवर चालते. म्हणून कमी वजनाच्या बाळांच्या नाळेतील रक्तात आयजीएफ-१ सहसा कमी असते. पुण्याजवळच्या गावांतील अभ्यासात नवजात बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तरी तुलनेने चरबीयुक्त आढळली.

प्रौढ स्त्रीच्या पोटावर चरबी साठली की वाढीच्या संप्रेरकाचा स्राव घटतो. आयजीएफ-१ त्या प्रमाणात उतरत नाही, कारण वाढलेले इन्सुलिन त्याच्या निर्मितीला हातभार लावते. उपासमारीत उलट घडते: संप्रेरक वाढते, आयजीएफ-१ घटते. म्हणूनच मुलींना गर्भापासूनच पुरेसे पोषण मिळायला हवे.