वस्तऱ्याच्या दांड्यावरची अक्षरं

जुन्या वस्तऱ्याचं वय काढायला प्रयोगशाळा लागत नाही. एक भिंग आणि खिडकीतला उजेड पुरतो. पातं मुठीला जोडणाऱ्या दांड्यावर ठशानं उठवलेली अक्षरं असतात आणि ती भलतीच बोलकी असतात. इंग्लंडातल्या शेफील्डचा वस्तरा घ्या. मुकुट आणि सोबत ‘डब्ल्यू आर’ दिसलं, की तो चौथ्या विल्यमच्या राज्यातला, म्हणजे 1830 ते 1837 या अवघ्या सात वर्षांतला. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. ‘जी आर’ असेल तर मात्र जरा थांबावं. 1830 पर्यंत ओळीनं चार जॉर्ज होऊन गेले आणि 1910 मध्ये पाचवा गादीवर आला. अशा वेळी आकार मदतीला येतो. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला बोट टेकवायची शेपूट जवळजवळ नसतेच. ती पुढच्या शतकात लांबत गेली. देशाचं नाव म्हणून ‘इंग्लंड’ कोरलेलं असेल, तर वस्तरा बहुधा 1891 नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेनं आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं.

पण माझा जीव अडकतो तो ‘सिल्व्हर स्टील’ या शिक्क्यात. त्याचा माग काढत गेलं, की आपण थेट मुंबईत येऊन पोचतो.

मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 1794 च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे ‘वुट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर शोधनिबंध लिहिला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा नामांकित हत्यारं घडवणारा कारागीर. त्याला या पोलादाची धार इतकी भावली, की पुढे त्यानं एका तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या साथीनं त्याचं गुपित उकलायचं ठरवलं. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरेडे, लोहाराचा मुलगा! विजेच्या शोधांनी जगाला ठाऊक होण्याआधी हा माणूस रॉयल इन्स्टिट्यूशनच्या भट्टीत पोलाद वितळवत होता.

दोघांनी पोलादात प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी असं एकेक मिसळून पाहिलं. चांदी जास्त झाली, की पोलाद थंड होताना तिचे मणी पृष्ठभागावर बाहेर फुटत. प्रमाण कमी करत करत ते पाचशे भागांना एक भाग इथवर आले, तेव्हा कुठे ती सामावली. या प्रयोगांतल्या एका मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरेडेनं मित्रांना भेटही दिले. 1820 आणि 1822 मध्ये निबंध छापून आले आणि शेफील्डच्या कारागिरांनी ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव उचललं. तेव्हा हा शिक्का असलेला वस्तरा 1820 च्या आधीचा समजू नये. त्यात चांदी असेलच, हे मात्र शिक्क्यावरून ठरत नाही. आज वर्कशॉपमध्ये या नावानं मिळणाऱ्या पोलादात तर चांदी मुळीच नसते.

दुरुस्तीला बसताना हे सगळं मनात असावं, कारण पहिला घाला पडतो तो अक्षरांवरच. मोटरच्या बफवर दोन मिनिटं पातं धरलं, की आरशासारखं चमकतं आणि दीडशे-दोनशे वर्षांची जन्मखूण पुसून जाते. शिवाय उष्णतेचा धोका आहे. पातळ धार क्षणात तापते. ती निळी पडली, की पोलादाला दिलेलं पाणी उतरलं, आणि नुसतं घासून ते परत चढत नाही. म्हणून हातानं, तेल लावून, बारीक पॉलिश पेपरनं सावकाश घासावं. लाल गंज काढावा, काळपट डाग राहू द्यावेत. त्याआधी अंगठ्याचं नख धारेच्या कडेकडेनं हलकेच सरकवावं. नख कुठे अडकलं, तर तिथे चीर असू शकते, आणि चिरलेलं पातं गालावर चालवू नये. मूठ शिंगाची असेल तर तेल पिऊन पुन्हा टवटवीत होते. सेल्युलॉइडची मूठ सडू लागली असेल, तर तिच्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा पातं खातात. अशी मूठ वेगळी काढून ठेवलेली बरी.

मग धार. इथे घडवणाऱ्याच्या अकलेला नमस्कार करावासा वाटतो. निसण्यावर वस्तरा आडवा ठेवला, की धार आणि पाठ दोन्ही एकदम दगडाला टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतूनच धारेचा कोन ठरतो, साधारण 16-17 अंश. कोन मोजायला काही लागत नाही, हाताला अंदाज लागत नाही. वस्तरा स्वतःच मापपट्टी आहे. पिढ्यान् पिढ्या घासून पातं अरुंद होतं, पण त्याच वेळी पाठही झिजते, त्यामुळे कोन फारसा हलत नाही. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, पातं फिरवायचं. उलटं फिरवलं तर पट्टाच कापला जातो.